फील मुर्ग, बटरफ्रूट आणि आपला धपाटा

हल्ली घराघरांतल्या मोबाइलवर एक पदार्थ सारखा समोर येतो. ब्रेडचे दोन काप, त्यात टर्कीच्या मांसाच्या पातळ चकत्या, त्यावर अव्होकाडोचा हिरवट पिवळा लगदा, टोमॅटो, थोडा पाला, आणि खाली लिहिलेले असते: हृदयासाठी उत्तम. दुबईला, दोह्याला कामाला असलेली मुले त्याचे फोटो पाठवतात. अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्या मुली ते पाहतात आणि आईला विचारतात, "अम्मी, हे अब्बूंना चालेल का?"

प्रश्न चांगला आहे. तो ज्या घरात विचारला जातो, त्या घरात बहुतेक वेळा कोणीतरी लातूरहून अँजिओप्लास्टी करून आलेले असते, नाहीतर कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कपाटावर ठेवलेला असतो. पण देवणीच्या बाजारात टर्की मिळत नाही, आणि अव्होकाडो शोधायला लातूर, नाहीतर थेट हैदराबाद गाठावे लागते. मग अम्मी म्हणतात, "आपल्याला कुठे परवडते ते," आणि रात्री पुन्हा डालड्याची फोडणी पडते. आमचे म्हणणे या दोन गोष्टींच्या मधले आहे. त्या सँडविचमध्ये हृदयाला मानवणारे जे काही आहे, ते सगळे आपल्या तालुक्यातल्या शेतात आणि आपल्या स्वयंपाकघरात आहे. फक्त ते एकत्र करायला हवे, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दस्तरखानावर खायला हवे. ही दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. तिच्याकडे आम्ही पुढे येऊच.

बादशहाच्या दरबारातला पक्षी

टर्की हा पक्षी आपल्याला परका वाटतो, पण हिंदुस्थानात येऊन त्याला चारशे वर्षे झाली, आणि तो आला तोही आपल्या शेजारच्या गोव्यातून. १६१२ साली मुकर्रब खान या सरदाराने गोव्याच्या बंदरातून जहांगीर बादशहासाठी काही दुर्मीळ जिन्नस आणले. त्यात हा पक्षी होता. जहांगीरला पशुपक्ष्यांचे भारी वेड. त्याने आपल्या 'तुझुक'मध्ये या पक्ष्याचे बारकाईने वर्णन केले आणि चित्रकारांना त्याचे चित्र काढायला लावले. उस्ताद मन्सूरने काढलेले ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उर्दूत आपण त्याला फील मुर्ग म्हणतो, म्हणजे हत्ती-कोंबडा. बादशहाने त्याच्या चोचीवरून लोंबणाऱ्या मांसल तुऱ्याला हत्तीच्या सोंडेचीच उपमा दिली होती. गंमत अशी की मूळचा अमेरिकेतला हा पक्षी इंग्रजांनी तुर्कस्तानच्या नावावर टाकला, आणि तुर्की भाषेत त्याला म्हणतात 'हिंदी'. ज्याने त्याने दुसऱ्याच्या गावाला पाठवला!

अव्होकाडोचा वंशही अमेरिकेच्या मध्य भागातला, मेक्सिकोच्या बाजूचा. आपल्या देशात ते कूर्ग, निलगिरी, केरळचा डोंगराळ भाग, सिक्कीम इथे पिकते. बेंगळुरूकडे त्याला सरळ बटरफ्रूट म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. गर लोण्यासारखा, गोडी जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटते, यात एवढे काय आहे?

त्यात एवढे काय आहे

टर्कीच्या सीन्याच्या मांसात, कातडी काढल्यावर, चरबी फार कमी आणि प्रथिने भरपूर असतात. एवढेच त्याचे मोठेपण. कोंबडीच्या सीन्याचेही तेच आहे. कातडी काढून शिजवलेल्या १०० ग्रॅम सीन्याच्या मांसात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास चरबी. म्हणजे टर्की नसल्याने काही अडत नाही.

उलट एक सावधगिरी सांगायला हवी. परदेशात सँडविचमध्ये घालतात त्या टर्कीच्या चकत्या बहुधा पाकिटातल्या असतात. मांस मिठाच्या पाण्यात मुरवून, टिकाऊ करून, यंत्राने कापलेले. चरबी कमी असते, मीठ मात्र भरपूर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा, आणि त्यात ब्रेड, पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही मोजायचे. त्यामुळे आखातातून सुट्टीवर येणारा मुलगा कौतुकाने असे पाकीट घेऊन आला, तर हलालचा शिक्का पाहतो तसाच मागच्या बाजूचा सोडियमचा आकडाही पाहावा. दिवसाच्या ५ ग्रॅम मिठात साधारण २००० मिलिग्रॅम सोडियम असते, हे ध्यानात ठेवले की हिशेब आपोआप जमतो.

आता अव्होकाडो. १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो, पण तो बहुतांश ऑलिव्ह तेलातल्या जातीचा, म्हणजे घरातल्या थंडाव्यातही न गोठणारा. तूप, डालडा, मटणाची चरबी गोठते. आम्ही वर्गात मुलांना ढोबळ खूण अशी सांगतो: जे स्निग्ध ताटात गार झाल्यावर पांढरे होऊन थिजते, ते कमी खा. नियम शंभर टक्के बिनचूक नाही, पण दस्तरखानावर बसल्या बसल्या वापरता येतो. शिवाय अव्होकाडोत १०० ग्रॅमला जवळपास ७ ग्रॅम चोथा असतो, आणि पोटॅशियमही चांगले असते.

अमेरिकेत १ लाख १० हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांच्या खाण्याची नोंद ३० वर्षे ठेवली गेली. तिचा निष्कर्ष २०२२ साली छापून आला. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा अर्धे अर्धे अव्होकाडो खाणाऱ्यांत, न खाणाऱ्यांपेक्षा, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार २१ टक्के कमी दिसला. अशा अभ्यासात एक मेख असते. अव्होकाडो खाणारा माणूस बाकीही बऱ्याच गोष्टी नीट करत असतो, मग श्रेय फळाचे किती आणि त्याच्या चालण्याचे किती, हे नेमके सांगता येत नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या फार कामाची आहे, आणि ती कोणी मोबाइलवर पाठवत नाही. लोणी, चीज किंवा टिकवलेल्या मांसाच्या जागी अव्होकाडो खाल्ले तर फायदा दिसला. दाणेवर्गीय पदार्थ किंवा वनस्पतींचे तेल यांच्या जागी अव्होकाडो खाल्ले, तर जास्तीचा काहीच फायदा दिसला नाही.

म्हणजे ज्याच्या घरात शेंगदाणे आहेत, जवस आहे, करडीचे तेल आहे, त्याला हैदराबादला जायची गरज नाही. साधारण ७० ग्रॅम गराच्या अर्ध्या अव्होकाडोत जेवढा स्निग्धांश, तेवढा २० ग्रॅम शेंगदाण्यांत असतो, म्हणजे लहानशा मुठीत. शहरात एका अव्होकाडोला जे पैसे पडतात, त्यात आपल्याकडे किलोच्या आसपास शेंगदाणे येतात. शेंगदाण्यातला निम्मा स्निग्धांश अव्होकाडोच्याच जातीचा. जवसात तर माशांच्या तेलाशी नाते सांगणारे ओमेगा-३ असते, जे अव्होकाडोत नावापुरतेच.

आपल्या शेतातले

लातूर जिल्ह्यात आज जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन. पण आमच्या पिढीने रब्बीच्या ज्वारीत करडीचे काटेरी पाटे पाहिले आहेत आणि घाण्यावरून घरी आलेल्या करडीच्या तेलाचा वास घेतला आहे. गळीतधान्यांचे संशोधन केंद्र लातूरला आहे ते उगाच नाही. हा मुलूखच तेलबियांचा. करडीच्या जुन्या वाणांच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचा असतो. तुपा-डालड्याच्या जागी असे तेल आले की रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उतरते, हे वैद्यकशास्त्राने पुन्हा पुन्हा तपासून पाहिले आहे. 'जागी' हा शब्द महत्त्वाचा. तूप तेवढेच ठेवून वर करडीचे तेल ओतले तर फक्त वजन वाढते.

डालड्याबद्दल दोन शब्द. हे नाव १९३७ सालापासून आपल्याकडे आहे आणि आपल्या घरांत ते एवढे रुजले की कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडाच म्हणतो. आजीच्या काळात साजूक तूप परवडत नव्हते आणि बिर्याणीला, खिचड्याला, शीरखुर्म्याला स्वस्त पर्याय मिळाला. त्यांचे काही चुकले नाही, तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. तेल यंत्रात अर्धवट गोठवताना त्यात ट्रान्स फॅट तयार होते, आणि ते रक्तवाहिन्यांचे सगळ्यात वाईट वैरी आहे, हे पुढे कळले. जानेवारी २०२२ पासून सरकारने तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तरीही वनस्पती तुपात गोठणारी चरबी भरपूर राहतेच. बेकरीतली खारी, नानखटाई, क्रीमरोल सुटे घेतो तेव्हा त्यावर कसलीच चिठ्ठी नसते. सँडविचचा ब्रेड घेताना मात्र पाकीट असते, ते वाचावे. घटक वजनाच्या क्रमाने लिहिलेले असतात. 'ब्राऊन' असे मोठ्या अक्षरांत आणि पहिला घटक मैदा, तर तो रंगवलेला मैदा आहे. पहिला घटक गव्हाचे पूर्ण पीठ असेल तरच घ्यावा.

पण ब्रेड हवाच कशाला? सँडविच म्हणजे दोन थरांत धरलेले सालन, हातात घेऊन खाता येईल असे. आपल्याकडे हे काम धपाटा पिढ्यान्‌पिढ्या करतो आहे. ज्वारीची भाकरी यासाठी थोडी अडचणीची, कारण गार झाली की दुमडताना तुकडे पडतात. धपाट्यात थोडे गहू आणि हरभऱ्याचे पीठ असते, तो मऊ राहतो, घडी बसते. पूर्वी प्रवासाला निघताना आणि उरुसाला जाताना शिदोरीत धपाटे असत ते याचसाठी. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. मैद्याचा ब्रेड तिथे पोचतच नाही.

वेगळे पातेले

आता ती अवघड अट. आमच्या ओळखीच्या एका गुरुजींना ४७व्या वर्षी झटका आला. वय ऐकून लोक हळहळले, पण हे वय आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, इतर देशांत ५८-५९व्या. म्हणजे मुलीचे लग्न, मुलाची फी, घराचा हप्ता, सगळे डोक्यावर असताना.

गुरुजी स्टेंट घालून घरी आले. कागदावर पथ्य लिहून मिळाले. भाभींनी ते काटेकोर पाळले. दोन चुली मांडल्यासारखे दोन स्वयंपाक सुरू झाले. एक घरासाठी, नेहमीचा. दुसरा लहान पातेल्यात, बिनमिठाचा, बिनतेलाचा, पिवळट. मुले दस्तरखानावर खात, गुरुजी खोलीत पलंगावर. दोन महिन्यांत भाभी थकल्या आणि गुरुजी चिडचिडे झाले. मग कळले की ते शाळेतून येताना हॉटेलात थांबून चहाबरोबर खारी खातात. भाभींनी विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "रोज का अलग सालन कौन खाता जी?"

आमच्या मते या एका वाक्यात पथ्य का मोडते ते सगळे आले. जेवण वेगळे काढले की माणूस वेगळा पडतो. आपल्याकडे एका ताटात जेवायची रीत, त्यात हे जास्तच बोचते. आणि त्या घरातली मुले? बापाला ४७व्या वर्षी जे झाले, त्याचा धोका मुलांनाही इतरांपेक्षा जास्त असतो, आणि ती मात्र शेजारच्या खोलीत डालड्याचे सालन खात होती.

भाभींनी पुढे जे केले, ते सोपे होते. आठवड्यातून तीन संध्याकाळी वेगळे पातेले बंद. सगळ्यांसाठी एकच पदार्थ, हातात धरून खायचा, ज्यात ज्याचे त्याने भरून घ्यायचे. मुलांना वाटले अम्मी सँडविच करते आहे. सासूबाईंना वाटले धपाटे आहेत. गुरुजी दस्तरखानावर परत आले. रिपोर्टात काय फरक पडला, तो त्यांचा आणि डॉक्टरांचा विषय. आम्हाला दिसले ते एवढेच की खारी थांबली.

चौघांसाठी

पीठ: ज्वारीचे पीठ दोन वाट्या, गव्हाचे अर्धी वाटी, बेसन अर्धी वाटी. त्यात एक चमचा तीळ, थोडा ओवा, हळद, आणि लसूण, हिरवी मिरची, कोथिंबिरीचे वाटण. मीठ सगळ्या पिठाला मिळून अर्धा लहान चमचा. दोन मोठे चमचे दही घालून कोमट पाण्याने मऊ मळावे. ओल्या फडक्यावर थापून, तव्यावर अलगद उलटावे. कडेने करडीचे किंवा शेंगदाण्याचे तेल थेंब थेंब सोडावे, धपाट्याला पाव चमचा पुरतो. आठ धपाटे होतात. उतरवल्यावर एकावर एक ठेवून स्वच्छ फडक्यात गुंडाळावे, म्हणजे वाफेने मऊ राहतात. ताटात उघडे पसरून ठेवले तर कडक होतात आणि मग घडी मोडते.

कोंबडी: सीन्याचे बिनहाडाचे मांस ४०० ग्रॅम. कातडी दुकानातच काढून घ्यावी, कारण घरी आणली की ती कोणीतरी तळतेच. दोन पेले पाण्यात ठेचलेले आले-लसूण, सहा-सात मिरे, दालचिनीचा तुकडा आणि तमालपत्र घालून उकळी आणावी. मांस सोडून झाकण ठेवावे, मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे शिजवावे. जाड तुकडा मधून कापून पाहावा, आत गुलाबी दिसता कामा नये. मग त्याच पाण्यात निवू द्यावे. घाईने बाहेर काढले तर सीन्याचे मांस कापसासारखे कोरडे होते, आणि लोक म्हणतात की कमी तेलात चव नसते. निवल्यावर बोटांनी रेषा रेषा सुट्या कराव्यात. उरलेले पाणी डाळीत घालावे.

दोन वाट्या दही, साय काढलेल्या दुधाचे, मलमलीत दोन-तीन तास टांगून चक्का करावा. आमच्या गावाचे नाव देशभर देवणी गाईमुळे माहीत आहे, त्यामुळे दुधा-दह्याबद्दल इथे कोणी कंजुषी करत नाही. पण साय ही गोठणारीच चरबी, रोजच्या खाण्यात ती बाजूला काढलेली बरी. चक्क्यात मांस, बारीक चिरलेला कांदा, जिरेपूड, मिरेपूड, लिंबाचा रस, कोथिंबीर आणि चिमूटभर मीठ कालवावे. लिंबू थोडे जास्त घातले तर मीठ कमी पडल्याचे जाणवत नाही. ही युक्ती प्रत्येक कमी मिठाच्या पदार्थाला चालते.

अव्होकाडोच्या जागची चटणी: अर्धी वाटी शेंगदाणे आणि दोन मोठे चमचे जवस वेगवेगळे भाजावे. जवस तडतडायला लागला की लगेच उतरवावा, करपला तर कडू होतो. पाच पाकळ्या लसूण, अर्धा चमचा लाल तिखट, जिरे आणि अगदी किंचित मीठ घालून खलबत्त्यात किंवा मिक्सरवर वाटावे, आणि शेवटी कोमट पाणी थोडे थोडे घालत लोण्यासारखे पसरेल इतके सैल करावे. आपली नेहमीची शेंगदाण्याची चटणी भाकरीला लावायची म्हणून खारट असते. इथे ती थर म्हणून जाणार आहे, मीठ निम्म्याहून कमी हवे. जवस आख्खा खाल्ला तर तसाच पोटातून निघून जातो, वाटलाच पाहिजे. वाटून ठेवलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून आठवड्यापुरताच वाटावा. पाणी घातलेली चटणी मात्र त्याच दिवशी संपवावी.

पाला: कोवळ्या मेथीची पाने, कांद्याची पात, काकडी, टोमॅटो, वर लिंबू. आपला घोळाणाच, फक्त तेल आणि दाण्याचे कूट वगळून, कारण ते चटणीत आले. लेट्यूसची पाने याच्यापुढे अगदीच पाणचट लागतात.

धपाट्याच्या अर्ध्या भागावर चटणी, त्यावर मांस, त्यावर पाला, आणि घडी. माणशी दोन. एवढ्यात प्रत्येकाच्या वाट्याला मांसातली २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि चटणीतून अर्ध्या अव्होकाडोइतका स्निग्धांश येतो.

कधी अव्होकाडो मिळालेच, तर देठाजवळ अंगठ्याने हलके दाबून पाहावे, किंचित दबले म्हणजे पिकले. टणक असेल तर केळ्यांबरोबर कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवावे. कापल्यावर काळे पडते, म्हणून लगेच लिंबू पिळावे. ते शिजवू नये. गर काट्याने ठेचून हिरवी मिरची, कांदा, कोथिंबीर घातली की शेंगदाण्याच्या चटणीच्या जागी लावता येतो. टर्की मिळाली तर कोंबडीसारखीच शिजवावी. तुकडा मोठा असेल तर वेळ जास्त लागतो.

रमजानमध्ये हे सँडविच सहरीला फार उपयोगी पडते. ज्वारी आणि हरभऱ्याचे पीठ सावकाश पचते, दह्यामुळे तहान कमी लागते असा आमचा अनुभव आहे. कोंबडी आणि चटणी रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवावी, सहरीला फक्त धपाटे तव्यावर गरम करावे. इफ्तारला भजी आणि समोसे एकदम बंद करायला आम्ही सांगत नाही, कोणी ऐकणार नाही. पण दोन भज्यांनंतर हे पुढे आले तर तिसऱ्याकडे हात जात नाही.

ज्यांना आजार आहे त्यांनी चार गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. झडपेचे ऑपरेशन झालेल्यांना रक्त पातळ करण्यासाठी वॉरफॅरिनची गोळी असेल, तर पालेभाजी अचानक खूप वाढवू नये, तशी अचानक बंदही करू नये. रोजचे प्रमाण सारखे हवे, नाहीतर गोळीचे गणित बिघडते. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी अव्होकाडो, टोमॅटो आणि बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ, तिन्ही विचारूनच घ्यावे, कारण त्यांत पोटॅशियम असते. सैंधव म्हणजे औषध, असे समजून ते मोकळ्या हाताने घालणारे पुष्कळ आहेत. सैंधवही मीठच, त्यातही सोडियमच. आणि मधुमेह असेल तर धपाटे मोजून खावेत. ज्वारीचा असला तरी तो धान्याचाच आहे.

डब्यात द्यायचे असेल तर चटणी आणि पाला वेगळ्या डबीत द्यावा, नाहीतर धपाटा भिजतो. मार्च ते जून आपल्याकडच्या उन्हात दह्यात कालवलेली कोंबडी शाळेच्या दप्तरात दुपारपर्यंत टिकत नाही. त्या दिवसांत मोड आलेली मटकी वाफवून, कांदा-लिंबू घालून, त्याच चटणीबरोबर भरावी. आमच्या शाळेतल्या मुलांना तीच जास्त आवडते.